उन्हाळ्याची काडतुसं

रायफलची काडतुसं घरी भरणाऱ्यांच्या बैठकीत उन्हाचा विषय काढला, तर हल्ली एकच उत्तर मिळतं: 'तापमानाला दाद न देणारी पावडर घ्या आणि विसरून जा.' इथे अ‍ॅरिझोनात तर हे उत्तर मी नको इतक्या वेळा ऐकलं आहे. देणारा बहुतेक वेळा आपलं काडतूस हिवाळ्यात भरून, हिवाळ्यातच तपासून मोकळा झालेला असतो.

मूळ गोष्ट नव्याने सांगायला नको. पावडर आधीच तापलेली असेल तर ती भराभर जळते, दाब चढतो, गोळीचा वेग वाढतो. दिवाळीच्या फटाक्यांना आपण ऊन दाखवतो ते दमटपणा जावा म्हणून. काडतुसातल्या पावडरीला मात्र ती कोरडी असली तरी ऊन बाधतं.

हे ज्यांनी सर्वात आधी भोगलं त्या हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांबद्दल मला फार जिव्हाळा आहे. 1889 मध्ये रसायनशास्त्रज्ञ एबेल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइट या दोऱ्यांसारख्या पावडरीचं पेटंट घेतलं: 58 टक्के नायट्रोग्लिसरीन, 37 टक्के गनकॉटन, 5 टक्के व्हॅसलीन. इंग्लंडच्या गारठ्यात हे दोरे गुणी वागले. हिंदुस्थानात आल्यावर त्यांनी रंग दाखवला. वाघाच्या शिकारीचा हंगाम म्हणजे ऐन उन्हाळा. दाब चढला की पितळी पुंगळी चेंबरला घट्ट धरून बसायची, आणि दुनळी रायफलीत तिला ओढून काढण्याची ताकद बेताचीच. जखमी जनावर समोर आणि रायफल उघडत नाही, ही काही कागदावरची अडचण नव्हे.

लंडनच्या बंदूककारांनी यावर दोन उपाय केले. उष्ण प्रदेशांसाठी कॉर्डाइट थोडं कमी घालून वेगळी काडतुसं भरली, आणि पुंगळीच ऐसपैस केली. जेफ्रीचं 1902 चं .400, पुढचं .450 नंबर 2, आणि या घराण्याचा मुकुटमणी म्हणजे 1911 चं .416 रिग्बी. 410 ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण 2,370 फूट, आणि दाब मात्र युरोपीय मानकानुसार 3,250 बारच्या आत. 1988 मध्ये रेमिंग्टनने जवळपास तेच काम लहान पुंगळीत बसवलं. दाबाची मर्यादा गेली 4,300 बारवर. काही जाणकार म्हणतात, रिग्बीची पुंगळी मोठी आहे ती केवळ कॉर्डाइटला जागा जास्त लागायची म्हणून. लागायचीच. पण जागा भरली म्हणून कुणी दाब खाली ठेवत नाही. तो उन्हासाठी ठेवलेला असतो. हे भांडण माझं जुनं आहे आणि मी ते सोडणार नाही.

मधली दशकं झरझर ओलांडू. सिंगल-बेस, म्हणजे नायट्रोग्लिसरीन नसलेल्या, पावडरी रुळल्या, दुसऱ्या महायुद्धात गोल दाण्यांची बॉल पावडर मोठ्या प्रमाणावर वापरात आली, स्वस्त आणि मापायला सोपी. जुन्या बॉल आणि डबल-बेस पावडरींत दर फॅरनहाइट अंशामागे सेकंदाला एखादा फूट वेग इकडेतिकडे होणं सर्रास. मग ऑस्ट्रेलियातल्या मुलवालाच्या कारखान्यातून तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या वार्गेट, एच-4350 आल्या. पावडरी खरोखर उत्तम. फरक पुष्कळ कमी झाला, पण शून्य झाला नाही. शिवाय एका पुंगळीत, एका प्रायमरवर शांत असलेली पावडर दुसरीकडे तशीच वागेल याची हमी डबा देत नाही.

उरलेला फरक लांब पल्ल्यावर दिसतो: .308 मधून 175 ग्रेनची गोळी हजार यार्डांवर मारताना वेगात सेकंदाला 50 फुटांचा फरक पडला, तर गोळी सुमारे दीड फूट वर-खाली जाते. त्यात हवेची भर: शून्यावरून 40 अंश सेल्सिअसला गेल्यावर त्याच दाबाची हवा सुमारे 13 टक्के विरळ होते. दोन्ही चुका एकाच दिशेला ढकलतात. हवेचा हिशोब फोनमधलं अ‍ॅप चोख करतं. पावडरीच्या तापमानाची चौकटही त्यात असते, पण पोरं तिथे हवेचंच तापमान टाकतात. काडतुसं तासभर उन्हात, काळ्या डब्यात! त्यातलं एक गरम चेंबरमध्ये घालून वारा पडायची वाट बघत बसायचं, म्हणजे आणखी शेक.

आमच्या पिढीतले लोक सावलीत ओल्या फडक्याखाली काडतुसं ठेवायचे, वहीत वेगाशेजारी तापमान लिहायचे, आणि उन्हाळ्याचा भार वेगळा भरायचे. आता जानेवारीत दाबाच्या काठापर्यंत भरलेलं काडतूस जूनमधल्या स्पर्धेला आणतात. दुपारच्या फेरीत बोल्ट तळहाताने ठोकून उघडण्याचे आवाज सुरू होतात, आणि चर्चा चालते ती पितळ हल्ली मऊ येतं याची.