अर्नाळकरांच्या वाचकांना नेमकं काय विचारायचं?

पीएच.डी.च्या मुलाखतीला जाणाऱ्यांच्या आराखड्यात एक वाक्य हमखास असतं: 'वाचकांची मते जाणून घेणे.' ऐकायला सोपं आहे. पण मत कोणाचं, कधीचं आणि कोणत्या प्रश्नाला दिलेलं, हे ठरवलं नाही तर हाती नुसत्या गप्पा येतात. म्हणून आज एक उदाहरण घेऊ. समजा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या किनारपट्टीवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचलेल्यांची मतं आपल्याला गोळा करायची आहेत.

अर्नाळकर (१९०६–१९९६) यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांच्या नावावर हजारापेक्षा जास्त रहस्यकथा आहेत. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू ही त्यांची गाजलेली पात्रं. मराठी समीक्षेने या लेखनाकडे फारसं लक्ष दिलं नाही, त्यामुळे लोकांनी ते का वाचलं याचा पुरावा बराचसा वाचकांच्याच डोक्यात आहे. आणि १९५५ साली बारा वर्षांचा असलेला वाचक आज ऐंशी ओलांडून गेलाय. हे काम पुढच्या दहा वर्षांत कधीतरी करू म्हणून चालणार नाही.

पहिली अडचण: मत कशाबद्दल?

एका कादंबरीचा अभ्यास असेल तर 'पुस्तक कसं वाटलं?' हा प्रश्न ठीक आहे. हजार पुस्तकांच्या मालिकेत तो फसतो. वाचकाला शीर्षक आठवत नाही, कथानकं एकमेकांत मिसळतात, टिकतो तो नायक. म्हणून इथे अभ्यासाचं एकक पुस्तक न धरता पात्र धरावं. पण लगेच 'झुंजार आवडायचा की काळापहाड?' असंही विचारू नका. त्यात दोन नावं तुम्हीच तोंडात घातलीत. आधी मोकळं विचारा: 'त्या पुस्तकांतलं कोण कोण आठवतं?' मग थांबा. आपोआप आलेली नावं वेगळ्या रकान्यात लिहा. त्यानंतर मुखपृष्ठांचे फोटो दाखवा आणि ओळखलेली नावं दुसऱ्या रकान्यात. या दोन रकान्यांची सरमिसळ केली की डेटा खराब झालाच.

दुसरी: तेव्हाचं मत की आजची आठवण?

शेरलॉक होम्सचं उदाहरण घ्या. डिसेंबर १८९३मध्ये कॉनन डॉयलने होम्सला मारलं आणि वाचक चिडले. लंडनमधल्या तरुणांनी शोक म्हणून काळ्या फिती बांधल्या, ही गोष्ट आजही सांगितली जाते. पण त्या काळातला तिचा भक्कम पुरावा सापडत नाही. वाचकांची नाराजी खरी, फितींचा तपशील मात्र संशयास्पद. आपल्याकडेही तेच होणार. 'पुस्तक आलं की वाचनालयात रांग लागायची' असं कोणी म्हणालं तर ते खोटं म्हणून टाकून देऊ नका आणि १९६०चा पुरावा म्हणूनही वापरू नका. ती आज सांगितलेली आठवण आहे, तशीच नोंदवा.

जोडीला कागद शोधा. जुन्या वाचनालयात पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, दाखल-नोंदवही, समासातले पेन्सिलीचे शेरे. पुस्तक किती वेळा घरी गेलं हे चिठ्ठी सांगते. ते आवडलं की नाही हे ती सांगत नाही, पण रांगेच्या आठवणीला ताडून बघता येतं. आणखी एक खूण: आपला जिल्हा १९८१पर्यंत 'कुलाबा' होता. शिक्क्यात 'कुलाबा' दिसलं तर पुस्तक बहुधा त्याआधी दाखल झालेलं. 'बहुधा' म्हणायचं, कारण जुना शिक्का नाव बदलल्यावरही काही दिवस वापरात राहू शकतो. आणि चिठ्ठी कोरी असेल तर 'कोणी वाचलं नाही' असं लिहून टाकू नका. भरलेली चिठ्ठी काढून नवी चिकटवलेली असू शकते. खूप वाचलेली पुस्तकं तर फाटून रद्दीत जातात. कपाटात उरलेलं पुस्तक कदाचित कमी वाचलेलंच असेल.

तिसरी: भिडेचं उत्तर

तुम्ही विद्यापीठातून आलात म्हटल्यावर समोरचे काका म्हणणार, 'लहानपणी वाचायचो हो, पण ते काही साहित्य नव्हे.' हे त्यांचं मत आहे की तुम्हाला बरं वाटावं म्हणून दिलेलं उत्तर? कळायला मार्ग एकच: मताऐवजी कृती विचारा. पुस्तक कुठून आणायचात? घरात कोणापासून लपवायला लागायचं? वाचून झालं की कोणाला द्यायचात? लपवून वाचलेल्या पुस्तकाचं वर्णन करताना माणूस साहित्याची व्याख्या विसरतो.

इथे जॅनिस रॅडवेचा १९८४चा अभ्यास उपयोगी पडतो. तिने अमेरिकेतल्या एका गावातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून दाखवलं की कथेइतकंच वाचणं ही कृतीच त्यांना महत्त्वाची होती. घरकामातून काढलेला, फक्त स्वतःचा असा तो वेळ होता. 'कथा कशी होती?' एवढ्यावर ती थांबली असती तर हे हाती लागलं नसतं.

चौथी: कोण सुटलं?

वाचनालयाच्या सभासदांची यादी घेऊन निघालात तर यादीत एक नाव आणि घरात वाचणारे चार, असं होऊ शकतं. कार्ड वडिलांचं, वाचणारी आई. शिवाय या पट्ट्यातली कितीतरी माणसं नोकरीसाठी मुंबईला गेली. रेवस–भाऊचा धक्का लाँचने ये-जा करणाऱ्याने पुस्तक गावात वाचलं की गिरणगावातल्या खोलीत? 'रायगडचा वाचक' म्हणजे कोण, हे पहिल्या इंटरव्ह्यूच्या आधी लिहून ठेवा, नाहीतर जो भेटेल तो रायगडचा वाचक होतो.

आता तुमचा आराखडा काढा आणि 'वाचकांची मते' हे शब्द खोडा. त्या जागी कोणते वाचक, कोणत्या काळातले, कशाबद्दल आणि कशावरून, हे एकेका वाक्यात लिहा. चारपैकी एकही वाक्य जमत नसेल तर गाईडकडे जायच्या आधी एखाद्या वाचनालयात दुपार घालवा. आणि ऐंशीच्या पुढचा वाचक माहीत असेल तर प्रश्नावली पक्की होईपर्यंत थांबू नका. परवानगी घ्या, रेकॉर्डर लावा आणि त्यांना बोलू द्या.