बॉबल टाका: गोळा फुगत का नव्हता?

आजचा एपिसोड कोडबद्दल नाही, क्रोशाबद्दल आहे. हो, बरोबर ऐकलंत.

माझी आजी वर्षानुवर्षं क्रोशाची तोरणं आणि रुमाल विणायची. दोन वर्षांपूर्वी तिला बारीक दिसेनासं झालं आणि सुई डब्यात गेली ती गेलीच. म्हटलं, तिच्या हाताला कळेल अशी एक उशी करून द्यावी. म्हणून बॉबल टाका निवडला. यात विणीवर हरभऱ्याएवढे गोळे उठतात.

आधी दोन टाके समजून घ्या. मुका खांब म्हणजे बुटका टाका: सुई घाला, दोरा ओढा, परत दोरा घेऊन दोन्ही फासांतून काढा. खांब उंच असतो, कारण सुई घालायच्या आधीच तिच्यावर एक वेढा घेतो.

आता बॉबल. वेढा घ्या, सुई घाला, दोरा ओढा. सुईवर ३ फास आले. दोरा घेऊन त्यातल्या दोनमधूनच काढा, म्हणजे खांब अर्धवट राहिला. त्याच जागी असे एकूण ५ अर्धवट खांब घाला. आता सुईवर ६ फास असतील. दोरा घ्या आणि सहाच्या सहा फासांतून एकदम काढा. झाला बॉबल! पुढचा मुका खांब घट्ट घाला.

सरावासाठी ४ मिमीची सुई आणि फिक्या रंगाची लोकर घ्या, गडद रंगात टाके दिसत नाहीत. २० साखळ्या घाला, सुईपासून दुसऱ्या साखळीपासून १९ मुके खांब. १ साखळी घालून काम उलटवा. दुसरी ओळ: ३ मुके खांब, १ बॉबल, असं चार वेळा, शेवटी ३ मुके खांब. तिसरी ओळ नुसते मुके खांब. चौथीत सुरुवातीला आणि शेवटी ५-५ मुके खांब, मध्ये ३-३ च्या अंतराने ३ बॉबल. मोजा, प्रत्येक ओळीत १९ च.

आणि घाबरू नका, गोळा तुमच्या बाजूला दिसत नाही, मागे फुगतो. म्हणून बॉबलच्या ओळी सहसा उलट बाजूने येतात.

माझा मात्र कुठल्याच बाजूला फुगेना! तीन संध्याकाळी उसवत बसलो. शेवटी तुकडा आजीच्या हातात दिला. तिने बोटं फिरवली आणि म्हणाली, "अरे, सगळेच खांब उंच घातलेस. शेजारी बुटका नसेल तर हा वाकेल कसा?"

झालं असं होतं: बॉबल मी व्हिडिओ बघून शिकलो, पण साध्या ओळी एका ब्रिटिश पॅटर्नवरून घेतल्या. ब्रिटनमध्ये 'डबल क्रोशे' म्हणजे आपला मुका खांब, अमेरिकेत तेच नाव उंच खांबाचं. मी अमेरिकन अर्थ धरला. बॉबलचे उंच खांब बुटक्या शेजाऱ्यांत मावत नाहीत, म्हणून तर ते बाहेर फुगतात. माझ्याकडे सगळेच सारख्या उंचीचे, मग गोळा सपाटच राहणार. नाव तेच, अर्थ वेगळा. असले बग ऑफिसात रोज बघतो, तरी सापडला नाही!

तेव्हा पॅटर्न उघडलात की आधी तो ब्रिटिश आहे की अमेरिकन ते बघा.

उशी अजून अर्धीच झालीय. रोज रात्री आजी नवी ओळ चाचपून बघते. काल म्हणाली, "इथे एक राहिला." मोजलं. खरंच राहिला होता. मी उसवायला घेतलं, तर म्हणे, "थांब, सुई इकडे दे."