यांच्यासाठी घड्याळ घेताना

लग्नात जावयाला घड्याळ द्यायची आपल्याकडची जुनी रीत. सायकल, रेडिओ आणि घड्याळ, या तीन वस्तूंवर जावईबापूंचे रुसवेफुगवे ठरायचे. पण बायकोनं स्वतःच्या पैशांतून नवऱ्याला घड्याळ घ्यायचं, तेही परदेशी, तेही गुपचूप, हे आमच्या घरात पहिल्यांदा मीच केलं. कसं केलं आणि कुठे चुकले ते सांगते. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाच्या मनात असा बेत शिजत असेल, तर आधी हे वाचा.

आमचे हे गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतात. मी घर सांभाळून एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. म्हणजे जितके तास घेतले तितकेच पैसे. उन्हाळ्याच्या सुटीत हात रिकामे! तरीही दर महिन्याला दीड हजार रुपये मी बँकेत आवर्त ठेवीत टाकत आले. दोन वर्षांनी व्याजासकट अडतीस हजारांच्या वर रक्कम झाली. आमच्या लग्नाला बारा वर्षं होत होती.

यांच्या मनगटावर मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एच.एम.टी. जनता होतं. त्याला रोज सकाळी चावी द्यायची आणि मगच चहा प्यायचा, हा यांचा नेम. ज्या घरात एच.एम.टी. नव्हतं असं घर तेव्हा विरळा. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगलोरला एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला. पुढे टाटांची टायटन आली, सेलवरची घड्याळं स्वस्त झाली, चावीची मागं पडली, आणि २०१६ साली एच.एम.टी.चा घड्याळाचा धंदा सरकारनं बंद केला. यांचं जनता मात्र चालूच होतं. फक्त काच इतकी खरवडली होती की वेळ पाहायला हात खिडकीशी न्यावा लागे.

तेव्हा मी ठरवलं, घ्यायचं तर चांगलं घ्यायचं. स्विस, ऑटोमॅटिक. म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसणारं.

शाळेच्या सुटीच्या दिवशी सकाळची महाराष्ट्र एक्स्प्रेस धरून मी नागपूरला गेले. घरी सांगितलं, मावशीकडे जाते. आधी कंपनीच्या अधिकृत दुकानात गेले. तिथे सूट होती, पण दहा-बारा टक्क्यांची, आणि मला हवं असलेलं घड्याळ माझ्या ऐपतीच्या पलीकडे राहत होतं. मग ओळखीच्या एका बाईंनी दुसरं दुकान सुचवलं. तिथे तेच घड्याळ! चिठ्ठीवर किंमत ६२,०००, वर लाल शाईनं ४० टक्के सूट, म्हणजे ३७,२००. माझ्या पर्समध्ये होते तेवढ्यात बसत होतं. मी पुन्हा पुन्हा मनात आकडा घोळवला. चोवीस हजार आठशे रुपये वाचत होते!

बिल मागितलं तेव्हा दुकानदार गोड हसून म्हणाला, "ताई, बिल घ्याल तर १८ टक्के जीएसटी वर लागेल. रोख द्या, घड्याळ घेऊन जा. गॅरंटी कार्ड डबीत आहेच की."

आणि मी रोख दिले. वर्गात मुलांना ग्राहक हक्क शिकवणारी मी!

आता त्या दिवशी मला काय काय दिसायला हवं होतं ते सांगते. पहिली गोष्ट, ती ६२,००० ची चिठ्ठी. ती कंपनीची नव्हती, दुकानदारानं स्वतःच्या हातानं लिहिलेली होती. सूट मोजायची ती डबीवर छापलेल्या कमाल किरकोळ किमतीवरून, म्हणजे एम.आर.पी.वरून. दुकानदारानं लिहिलेल्या आकड्यातून दुकानदारानंच वजाबाकी केली, तर ती सूट कसली? आयात मालाच्या वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि रुपयांतली एम.आर.पी. छापलेली असावीच लागते. माझ्या डबीवर तसलं लेबलच नव्हतं. आणि एम.आर.पी.त सगळे कर धरलेलेच असतात, "जीएसटी वर लागेल" हे बोलणंच मुळी खोटं.

दुसरी गोष्ट, गॅरंटी कार्ड. कार्ड डबीत असून भागत नाही. त्यावर अधिकृत विक्रेत्याचा शिक्का, विक्रीची तारीख आणि घड्याळाचा नंबर लागतो. घरी जाऊन नाही, काउंटरवरच घड्याळ उलटं करून पाठीवरचा नंबर कार्डाशी ताडून पाहावा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. साडी घेताना आपण पन्नास घड्या मोडायला लावतोच नं!

लग्नाच्या वाढदिवशी हे खूश झाले, अगदी लहान मुलासारखे. मिलमध्ये सगळ्यांना दाखवून आले. किंमत मी सांगितली नाही.

चार महिन्यांनी एका रविवारी माझ्या लक्षात आलं की टेबलावरचं ते घड्याळ मोबाईलपेक्षा अकरा मिनिटं मागे आहे. वाटलं, बैठं काम, हात फारसा हलत नाही, चावी कमी बसत असेल. तसं होतंही. ऑटोमॅटिक घड्याळ काढून ठेवलं की साधारण दीड-दोन दिवसांत थांबतं, आणि खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याला अधूनमधून हातानं चावी द्यावी लागते. पण दिली तरी फरक पडेना. शेवटी पुन्हा मावशीचं नाव सांगून नागपूर गाठलं, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर. तिथल्या मुलानं भिंग लावून पाहिलं. "घड्याळ अस्सल आहे, मॅडम. पण बाहेरून आलेलं दिसतंय, बरीच वर्षं पडून होतं. आतलं तेल सुकलंय. कार्डावर शिक्का नाही, म्हणून गॅरंटीत बसणार नाही." खर्च साडेआठ हजार. म्हणजे माझी सूट आणखी आटली, आणि कष्टाचे तास गेले ते वेगळेच.

तक्रार करता आली असती का? बिल असतं तर नक्की. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. शिवाय आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. नागपूरच्या दुकानासाठी नागपूरला खेटे घालायला नकोत, गोंदियातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे. पण हातात कागद हवा. निदान मोबाईलवरून पैसे दिले असते, तरी दुकानाचं नाव आणि तारीख राहिली असती. मी रोख दिले होते. माझ्याकडे फक्त एक रिकामी डबी होती.

त्या रात्री मुलं झोपल्यावर मी यांना सगळं सांगितलं. मावशीचं खोटं, बिल नाही ते, सदतीस हजार, सगळं. वाटलं, आता रागावतील.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला ठाऊक होतं, मागं पडते म्हणून. रोज रात्री तू ओटा आवरायला गेली की मी मोबाईल पाहून लावून घेत होतो."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुला वाईट वाटलं असतं."

तर चार महिने मी यांच्यापासून किंमत लपवत होते, आणि हे माझ्यापासून घड्याळाची चूक! त्या रविवारी मात्र आदल्या रात्री पाहुणे होते, म्हणून यांचं लावायचं राहून गेलं होतं.

साडेआठ हजार आम्ही निम्मे निम्मे भरले. या वेळी बिल घेतलं, आणि ते गॅसच्या कागदांच्या फाइलीत नीट लावलं आहे. आता घड्याळ दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे होतं, तेवढं चालायचंच. दुरुस्तीवाल्या मुलानं आणखी काही सांगितलं, तेही लिहून ठेवा. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलायची नाही, आतले दाते झिजतात. स्पीकर, चुंबकाचं कव्हर यांच्याजवळ घड्याळ ठेवायचं नाही. ‘३० मीटर’ लिहिलं असलं तरी ते पोहण्यासाठी नव्हे. हात धुताना शिंतोडे उडाले तर चालतील, आंघोळीला काढायचंच.

आणि हो, जयस्तंभ चौकाकडच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींनी चारशे रुपयांत मामाजींच्या जनताला नवी काच बसवून आतून साफ करून दिलं. मिलमध्ये धानाची धूळ फार, म्हणून हे तेच घालून जातात. स्विस घड्याळ लग्नकार्याला. घालण्याच्या आदल्या रात्री त्याला चावी द्यावी लागते, तेवढी आठवण मी करते.