चांद्याच्या पुढची चार्जिंग

विदर्भात विजेच्या गाड्यांची खरी सुरुवात झाली ती २६ मे २०१७ रोजी नागपुरात. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत ओला आणि महिंद्राने दोनशे वाहनांचा प्रकल्प सुरू केला. त्यात शंभर गाड्या महिंद्राच्या ई-टू-ओ प्लस होत्या, बाकी रिक्षा, बस वगैरे. शहरात चार ठिकाणी पन्नासेक चार्जिंग पॉइंट उभे करायचे ठरले होते. त्याच नोव्हेंबरात इंडियन ऑइलच्या एका नागपुरी पंपावर चार्जिंग स्टेशन आले. पेट्रोल पंपावर बसलेले देशातले ते पहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या गोंडपिपरीहून नागपूर दोनशे किलोमीटर. तरी आमच्याकडच्या माणसांना त्या बातमीचे अप्रूप होते, कारण मेडिकलला न्यायचा पेशंट असो की हायकोर्टाची तारीख, आमचा रस्ता शेवटी नागपूरलाच जातो.

वर्षभरातच त्या प्रकल्पाची दमछाक झाली. चार्जरसमोर टॅक्सींच्या रांगा लागल्या, ड्रायव्हरांचे तासन्‌तास रांगेत जाऊ लागले, नागपूरच्या उन्हात एसी लावला की एका चार्जिंगमध्ये ठरलेले अंतर होईना. अनेकांनी डिझेलच्या गाड्या परत मागितल्या. गाडी वाईट नव्हती, पण जिथे आणि जेव्हा वीज हवी तिथे ती मिळत नव्हती. आजवर जो कोणी विजेची गाडी घेऊन लांबच्या प्रवासाला निघाला, त्याचा सगळा हिशोब या एकाच गोष्टीभोवती फिरत आला आहे.

सरकारने नियम मात्र लवकर केले. एप्रिल २०१८ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने स्पष्ट केले की चार्जिंग स्टेशन चालवायला वीज वितरणाचा परवाना लागणार नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मार्गदर्शक तत्त्वे आली: शहरात तीन किलोमीटर बाय तीन किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात एक स्टेशन आणि महामार्गावर दोन्ही बाजूंना दर पंचवीस किलोमीटरला एक. हा नियम आमच्या रस्त्यावर ठेवून पाहा. चंद्रपूरहून निघालात की पंधरा किलोमीटरवर बल्लारपूर, पुढे तेवढेच गेल्यावर कोठारी, मग जंगल ओलांडून चंद्रपूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर गोंडपिपरी, आणखी वीसेक किलोमीटरवर वैनगंगेपलीकडे आष्टी. तिथून आलापल्ली चाळीस-पंचेचाळीस आणि आलापल्लीहून सिरोंचा जवळपास शंभर. नियमाप्रमाणे या वाटेवर आठ-नऊ ठिकाणी तरी चार्जर दिसायला हवे होते.

२०२० च्या जानेवारीत टाटाची नेक्सॉन ईव्ही आली. ३०.२ किलोवॉट-तासांची बॅटरी आणि प्रमाणपत्रावर ३१२ किलोमीटर. प्रत्यक्षात घाट नाही, ओझे नाही, हवा बरी असेल तर दोनशेच्या आसपास. आमच्या बाजूला ही गाडी घेऊन येणाऱ्याचे गणित असे: नागपूर ते चंद्रपूर दीडशे. उतरल्यावर बॅटरीत पाव हिस्सा उरला तर नशीब. चंद्रपुरात कोणाच्या तरी घरी रात्रभर गाडी लावायची. सकाळी पूर्ण भरून निघाले तरी सिरोंचा सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात, म्हणजे गाडी पोचायच्या आत थकणार. म्हणून मुक्काम गोंडपिपरीत किंवा आलापल्लीत. ज्या कामाला डिझेलच्या गाडीने एक लांब दिवस लागायचा, त्याला तीन दिवस.

असाच माझा एक मावसभाऊ पुण्याहून दिवाळीत आमच्याकडे आला. चंद्रपूरला भरलेली गाडी, पुढे हेमलकसा गाठायचे आणि परत यायचे, म्हणून रात्री आमच्या घरी गाडी भरून घ्यायची ठरली. गाडीसोबत आलेला चार्जर त्याने बाथरूममधल्या गिझरच्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटला लावला, वायर खिडकीतून अंगणात घेतली. चार्जरवर लाल दिवा. काढून पुन्हा लावला, पुन्हा लाल. गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने होल्डरला लावलेला टेस्टचा बल्ब फेज आणि अर्थिंगमध्ये धरला. बल्ब लागलाच नाही. तो म्हणाला, "भाऊ, अर्थिंगच नाई जी इथं. बोर्डात तार आहे, पन जमिनीत काईच नाई."

मग अंगणाच्या कडेला, न्हाणीचे पाणी जाते तिथे ओलसर जागा बघून त्याने खड्डा खणला. भंगारातून जीआयचा पाइप आणला, त्याला भोके पाडली, भोवती मीठ आणि कोळसा थराथराने भरला, वरून बादल्या ओतल्या. पाइपाच्या डोक्याला तार कसून ती बोर्डापर्यंत आणली. पुन्हा बल्ब धरला तेव्हा तो लख्ख पेटला. चार्जर लावला, हिरवा दिवा आला आणि अंगणात जमलेल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. रिकामी बॅटरी अशा पॉइंटवर भरायला आठ-नऊ तास लागतात. मध्यरात्री लाइन गेली नाही, ही त्या रात्रीची कृपा.

हा प्रसंग फक्त आमच्या घरचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत शेकडो घरे, लॉज, विश्रामगृहे अशी आहेत जिथे तीन पिनांचा प्लग आहे पण तिसऱ्या पिनेमागे काही नाही. फ्रिज, कूलर त्यावर वर्षानुवर्षे चालतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर सुरूच होत नाही, आणि ते योग्यच आहे. अंगणात ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या लोखंडी गाडीला हात लावणाऱ्या माणसाचा जीव त्या एका तारेवर असतो.

त्या काळात आमच्याकडे येणाऱ्यांनी प्रवास आखायची एक रीत हळूहळू बसवली. नकाशा शेवटच्या टोकाकडून वाचायचा. जिथे जायचे तिथे रात्री प्लग आहे का, हे आधी ठरवायचे आणि मग मागे मागे येत निघायची वेळ काढायची. लॉजला फोन करून खोलीचे भाडे नंतर विचारायचे. आधी पंधरा अँपिअरचा पॉइंट गाडी उभी राहते त्या बाजूला आहे का, अर्थिंग आहे का आणि संध्याकाळी व्होल्टेज किती पडते, हे विचारायचे. कोठारी ते गोंडपिपरीचे जंगल दिवसाउजेडी ओलांडायचे. हा पट्टा आता कन्हाळगाव अभयारण्याच्या परिसरात येतो, वाघाचा वावर नित्याचा आहे, मोबाइलचे नेटवर्क मध्येच जाते. इथे रात्री बॅटरी संपवून उभे राहणे म्हणजे चंद्रपूरहून गाडी उचलणारा ट्रक येईपर्यंत काचा लावून बसणे. चार्जर अ‍ॅपवरून सुरू करायचा असेल तर नेटवर्कशिवाय तोही मुका, म्हणून जाणकार लोक कंपनीचे कार्ड खिशात ठेवू लागले.

पावसाळ्याचा हिशोब सर्वांत अवघड. गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आणि वैनगंगा फुगली की आष्टीचा रस्ता बंद पडतो. मग गोंडपिपरीहून आष्टीला जायला पोंभुर्णा, मूल, गडचिरोली, चामोर्शी असा फेरा. वीस किलोमीटरच्या जागी शंभराहून जास्त. भामरागडला जाणाऱ्यासाठी पर्लकोटा नदी आहेच, ती दरवर्षी गावाची वाट अडवते. पेट्रोलच्या गाडीला असा फेरा म्हणजे खर्च आणि वैताग. विजेच्या गाडीला तोच फेरा म्हणजे प्रवास तिथेच थांबणे. म्हणून आमच्याकडे बॅटरीत राखीव किती ठेवायची हे टक्क्यांत सांगून चालत नाही, फेऱ्याच्या किलोमीटरमध्ये सांगावे लागते.

एक गोष्ट मात्र या रस्त्यांच्या बाजूने आहे आणि ती बाहेरच्यांना खरी वाटत नाही. जंगलातून गाडी पन्नास-साठच्या वेगाने चालवावी लागते आणि त्या वेगाला बॅटरी भरपूर टिकते. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. तिथे वाऱ्याचा विरोधच इतका वाढतो की तीच गाडी बरीच कमी धावते. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला, तेव्हा विजेच्या गाडीने जाणारे बरेच जण मुद्दाम ऐंशी-नव्वदवर गाडी ठेवत, कारण सुरुवातीला त्या रस्त्यावर साध्या सोयींचीही वानवा होती.

राज्याचे धोरण २०२१ च्या जुलैत आले. मुंबई-पुणे, पुणे-नाशिक, मुंबई-नाशिक आणि मुंबई-नागपूर हे चार महामार्ग २०२५ पर्यंत विजेच्या गाड्यांसाठी पूर्ण सज्ज करायचे आणि सात शहरी भागांत चार्जिंग स्टेशने उभारायची, असे त्यात होते. मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, सोलापूर ही ती शहरे. आपण चांदा ते बांदा म्हणतो तेव्हा अख्खा महाराष्ट्र डोळ्यांपुढे असतो. या धोरणाचा महाराष्ट्र नागपूरला संपत होता. गर्दी तिथे चार्जर, हा विचार व्यापाऱ्याने करावा, त्यात त्याची चूक नाही. धोरणाने तो जसाच्या तसा उचलला, हे मला पटलेले नाही.

कारण चार्जरची कमाई गर्दीवर ठरते, पण त्याची गरज पुढचा चार्जर किती लांब आहे यावर ठरते. नॉर्वेने हे आपल्याआधी अनुभवले. तिथे २०१७ पर्यंत सगळ्या मुख्य रस्त्यांवर दर पन्नास किलोमीटरला किमान दोन फास्ट चार्जर बसवायचा कार्यक्रम सरकारी मदतीने राबवला गेला. तो पुष्कळसा पार पडलाही, फक्त उत्तर टोकाचा विरळ वस्तीचा फिनमार्क आणि लोफोटेनची बेटे मागे राहिली, कारण तिथे मदत घेऊनही चार्जर बसवायला कोणी पुढे येईना. फिनमार्कसाठी पुढे वेगळी योजना आणावी लागली. साध्या अनुदानाने रस्त्याचे शेवटचे टोक भरत नाही, त्याचा वेगळा विचार करावाच लागतो. गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आणि तीन चतुर्थांश जंगलाचा. आमचे फिनमार्क हेच.

दरम्यान गाड्या मोठ्या झाल्या. २०२२ च्या मे महिन्यात ४०.५ किलोवॉट-तासांची नेक्सॉन आली, २०२४ च्या अखेरीस महिंद्राने ५९ आणि ७९ किलोवॉट-तासांच्या गाड्या जाहीर केल्या. नागपूर-चंद्रपूर वाटेवर आणि चंद्रपूर शहरात चार्जर दिसू लागले. मोठी बॅटरी घेणाऱ्याला आता चंद्रपूरहून निघून आलापल्लीचे काम उरकून परत येणे जड नाही. पण त्या गाड्या महाग. आमच्याकडे विजेची गाडी घेईल तो शिक्षक, ग्रामसेवक, टॅक्सी चालवणारा पोरगा, आणि तो घेईल चोवीस किलोवॉट-तासांची टियागो. त्याच्यासाठी २०२६ चा रस्ता २०२० च्या रस्त्याहून फार वेगळा नाही. बॅटरी मोठी झाली म्हणून चार्जरची निकड संपली, असे म्हणणे म्हणजे श्रीमंताचा प्रश्न सुटला म्हणून सगळ्यांचा सुटला असे मानणे.

आणि वीज तर आमच्याच जिल्ह्यात तयार होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. त्या केंद्राचा कोळसा इथल्या खाणींचा, पाणी इरई धरणाचे, राख आणि धूर इथल्या माणसांच्या वाट्याचा. तिथली वीज तारांवरून राज्यभर जाते आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या त्यावर धावतात. पन्नास किलोमीटरवरच्या गोंडपिपरीत त्यातली गाडीपुरती वीज भरवशाने मिळावी, ही मागणी हक्काची आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळाने नवे धोरण मंजूर केले, मुदत २०३० पर्यंत. समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी, आणि राष्ट्रीय तसेच राज्य महामार्गांवर दर पंचवीस किलोमीटरला चार्जिंग स्टेशन. टोलमाफीचा आम्हाला उपयोग नाही, या जंगलात टोल देण्याजोगे द्रुतगती रस्तेच नाहीत. पंचवीस किलोमीटरचे वाक्य मात्र २०१८ नंतर पुन्हा आले आहे आणि ते या वेळी टोकाकडून अमलात आणावे.

गोंडपिपरी हा जंगलातला नुसता थांबा नाही. इथून सरळ गेलात तर आष्टी, आलापल्ली, सिरोंचा. खाली वळलात तर पोडशाच्या पुलावरून तेलंगणातले सिरपूर. वर पोंभुर्णामार्गे मूल. धाब्याला कोंडय्या महाराजांच्या दर्शनाला येणारे, चपराळ्याला जाणारे, हेमलकशाला निघालेले, सगळे इथून जातात. इथे, आलापल्लीत आणि सिरोंचात साठ किलोवॉटचा प्रत्येकी एक फास्ट चार्जर बसला तर नागपूर ते गोदावरीचा सगळा रस्ता लहान बॅटरीच्या गाडीलाही खुला होतो. पेट्रोल पंपाची जागा आहे, एसटी स्थानकाची जागा आहे, महावितरणची लाइन दारात आहे. वनविभागाच्या आणि बांधकाम विभागाच्या प्रत्येक विश्रामगृहात अर्थिंग तपासलेला एक पंधरा अँपिअरचा पॉइंट बाहेरच्या भिंतीला काढून द्यायला तर मोठा निधीही लागत नाही. धोरणाची मुदत २०३० पर्यंत आहे. सुरुवात नागपुरापासून नको, सिरोंचापासून करा.