खुणा नसलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या तारा कशा ओळखाव्यात?

बंगळुरू शहराच्या वायव्येकडील यशवंतपूर हा भाग रेल्वे स्थानकामुळे देशभरातील प्रवाशांना परिचित आहे. त्याच्या आसपासचा परिसर मात्र विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी ओळखला जातो. जवळच्या जालहळ्ळी येथे १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली. पीण्या औद्योगिक वसाहतही येथून दूर नाही. मराठी उद्योजकतेचा वारसा सांगणारी किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी १९४६ मध्ये याच शहरात उभी राहिली. विद्युत उपकरणांची चाचणी घेणाऱ्या केंद्रीय विद्युत अनुसंधान संस्थेचे मुख्यालयही बंगळुरूतच आहे.

अशा औद्योगिक परिसरांत जुन्या यंत्रांतून काढलेले ट्रान्सफॉर्मर भंगाराच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. घरच्या घरी ध्वनिवर्धक, अर्थात अँप्लिफायर, तयार करणाऱ्या हौशी मंडळींना त्यांचे आकर्षण असते. पण अनेकदा त्यांवरील पट्टी निघून गेलेली असते, आणि पाच-सहा तारांपैकी कोणती कशाची, हे कळत नाही. चुकीची तार घरातील विजेला जोडल्यास जिवावर बेतू शकते.

मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वावर ट्रान्सफॉर्मर चालतो. लोखंडी गाभ्यावर तांब्याच्या तारेच्या दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात. घरातील २३० व्होल्टचा पुरवठा प्रायमरी गुंडाळीला दिला जातो. सेकंडरीतून कमी दाबाची वीज मिळते. दाबाचे हे प्रमाण वेढ्यांच्या संख्येवर ठरते. १२ व्होल्टची सेकंडरी चुकून २३० व्होल्टला जोडली, तर गणिताने दुसऱ्या बाजूला सुमारे ४,४०० व्होल्ट येतात. प्रत्यक्षात गाभा संपृक्त होऊन प्रचंड प्रवाह वाहतो आणि गुंडाळी जळते. पण ती जळण्यापूर्वीचा क्षणही घातक ठरू शकतो.

तारांचे रंग मार्गदर्शक असले, तरी सर्व उत्पादक एकच संकेत पाळत नाहीत. म्हणून पहिली तपासणी वीज न जोडता मल्टिमीटरने करावी. ज्या तारांमध्ये एकमेकींशी जोडणी आढळते, त्यांचा एक गट मानावा. कोणत्याही तारेची लोखंडी गाभ्याशी जोडणी आढळल्यास तो ट्रान्सफॉर्मर वापरू नये. सर्व तारा एकमेकींशी जोडलेल्या आढळल्या, तर तो ऑटोट्रान्सफॉर्मर असू शकतो. त्याची सेकंडरी घरातील विजेपासून अलग नसल्याने तो अँप्लिफायरसाठी वर्ज्य समजावा.

त्यानंतर प्रत्येक गटाचा रोध मोजावा. प्रायमरीची तार बारीक आणि लांब असल्याने तिचा रोध साधारणपणे काही दहा ओहम किंवा त्याहून अधिक असतो. सेकंडरीची तार जाड व आखूड असल्याने तो बहुधा एक-दोन ओहम किंवा त्याहूनही कमी भरतो. मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून तो वजा करावा. मोजताना दोन्ही उघडी टोके हातात धरू नयेत. मीटर काढताना गुंडाळीतून झटका बसू शकतो.

सेकंडरीच्या गटात तीन तारा असल्यास, ज्या दोन तारांमध्ये सर्वाधिक रोध आढळतो, ती दोन टोके होत. उरलेली तार म्हणजे मधला फाटा, अर्थात सेंटर टॅप. हा फरक अत्यल्प असल्याने त्याची खात्री पुढे व्होल्टेज मोजूनच करावी. अधिक रोधाच्या गटातही तीन तारा असतील, तर सर्वाधिक रोधाची जोडी निवडावी. मात्र मोठ्या आणि जवळपास समान रोधाचे दोन स्वतंत्र गट आढळल्यास, ते ११५ व्होल्टचे दोन भाग असण्याची शक्यता असते. अशा वेळी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

वीज प्रथम जोडताना ४० किंवा ६० वॉटचा तारेचा बल्ब प्रायमरीशी सिरीजमध्ये जोडावा. त्यासाठी एलईडी दिवा चालत नाही. उरलेली सर्व टोके आधी वेगवेगळी झाकावीत आणि वीज चालू असताना त्यांना स्पर्श करू नये. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला किंवा विझला, तर जोडणी बहुधा योग्य आहे. तो पूर्ण तेजाने जळत राहिला, तर गुंडाळी चुकली आहे किंवा आत बिघाड आहे. पुरवठा त्वरित बंद करावा.

बल्ब मंदावल्यास मीटर एसी व्होल्टवर ठेवून सेकंडरी मोजावी. मीटरच्या तारा लावताना आणि काढताना पुरवठा बंद असावा. १२-०-१२ प्रकारात मधल्या तारेपासून दोन्हीकडे समान, तर टोकांमध्ये दुप्पट दाब दिसतो. दोन स्वतंत्र सेकंडरी असल्यास प्रत्येकीचे एक टोक एकत्र जोडून उरलेल्या दोन टोकांमधील दाब पाहावा. बेरीज दिसली तर जोड योग्य. जवळपास शून्य दिसल्यास एका गुंडाळीची टोके उलटवावीत.

अखेरचा प्रश्न अँप्लिफायरला हा दाब मानवेल का, हा असतो. १२ व्होल्ट एसीचे डीसीत रूपांतर झाल्यावर कमाल दाब सुमारे १७ व्होल्ट होतो. भार नसताना हाच ट्रान्सफॉर्मर १३.५ व्होल्ट देत असेल, तर तो १९ व्होल्टपर्यंत जातो. टीडीए २०३० या लोकप्रिय चिपची कमाल मर्यादा मात्र धन व ऋण १८ व्होल्ट आहे. म्हणून मोजलेल्या दाबावरूनच चिप निवडावी.

तपासणी पूर्ण होताच प्रत्येक तारेवर कागदी खूण चिकटवावी आणि प्रायमरीच्या मार्गात योग्य फ्यूज बसवावा. नवशिक्यांनी ही पहिली जोडणी अनुभवी व्यक्तीच्या उपस्थितीतच करावी. अर्ध्या तासाच्या या तपासणीने ट्रान्सफॉर्मर वाचतो आणि मुख्य म्हणजे माणूसही.