मढवलेली तार

1825 साली इंग्लंडमध्ये विल्यम स्टर्जनने नालेच्या आकाराच्या लोखंडाला वार्निश लावलं आणि त्यावर तांब्याची उघडी तार सैलसर गुंडाळली. वेढे मोजकेच, कारण दोन वेढे टेकले की वीज लांबचा रस्ता सोडून तिथूनच पलीकडे जाणार. सात औंसांच्या त्या लोखंडाने नऊ पौंड उचलले. चार वर्षं आधीच फॅरडेने पाऱ्यात टोक बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली होती. मोटरची कल्पना तेव्हापासून होती. जोर कुठून आणायचा, हा प्रश्न होता.

उत्तर निघालं न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी अकॅडमीत. तिथे गणित शिकवणाऱ्या जोसेफ हेन्रीने आवरण लोखंडाऐवजी तारेलाच घातलं. रेशमाने मढवलेली तार खेटून गुंडाळता येते, थरावर थर चढवता येतो. पण मला हेन्रीचं खरं मोठेपण दिसतं ते त्याच्या चाचण्यांत. 21 पौंडांच्या लोखंडावर त्याने साठ-साठ फुटांच्या नऊ कॉइल भरल्या आणि सगळ्यांची टोकं मोकळी ठेवली. मग एका छोट्या सेलवर त्या आळीपाळीने जोडून पाहिल्या. एकट्या कॉइलने सात पौंडांची पट्टी जेमतेम धरली. दोन्ही पायांवरच्या दोन कॉइल समांतर जोडल्यावर 200 पौंड, नऊच्या नऊ जोडल्यावर 650. आधीच्याच दोन कॉइल टोकाला टोक लावून एक लांब तार केली, तर फक्त 60! एका सेलचा रेटा लांब तारेत पुरा पडत नाही. लांब कॉइलला अनेक सेलची बॅटरी लागते. आज घरी मोटर करणारा कुठली तार, किती टर्न, सिरीज की पॅरलल असा विचार करत बसतो, तेव्हा तो हेन्रीचाच हिशेब मांडत असतो.

1833 मध्ये व्हरमाँटचा लोहार थॉमस डेव्हनपोर्ट लोखंड आणायला गेला आणि त्या पैशांत हेन्रीच्या पद्धतीचा चुंबक घेऊन आला. घरी त्याने तो वेढा-वेढा उकलला. पत्नी एमिली नोंद करत होती. नव्या तारेसाठी तिने आपल्या लग्नाच्या रेशमी पोशाखाच्या पट्ट्या काढून दिल्या, असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी त्याच्या मोटरचं चाक फिरलं. 25 फेब्रुवारी 1837 ला पेटंटही मिळालं. पण बॅटरीतलं जस्त महाग पडे, आणि 1851 मध्ये तो गेला तो ओढगस्तीतच. एमिलीचं नाव पेटंटवर नाही, याची मला खंत वाटते.

पुढे रेशमाची जागा सुताने आणि नंतर इनॅमलने घेतली. धोका मात्र तोच राहिला. फॉर्मरवर तार ओढताना इनॅमल खरचटलं की दोन टर्न आपसात शॉर्ट होतात, आणि मीटर ते सांगत नाही; दोनशे टर्नमधला एक गेला तर ओहममध्ये अर्धा टक्का फरक पडतो. म्हणून वाइंडिंगच्या दुकानात आर्मेचर, म्हणजे मोटरचा कॉइल भरलेला फिरता भाग, ग्राउलरवर ठेवतात. तो एसी चुंबक असतो. आर्मेचर हळूहळू फिरवत खाचांवर हॅकसॉचं पातं धरायचं. चांगल्या कॉइलवर ते गप्प राहतं. शॉर्ट असलेल्या कॉइलमध्ये आतल्या आत करंट फिरतो, आणि तिच्या खाचेवर पातं खडखडू लागतं. मग ती कॉइल कापून काढायची, तिचे टर्न मोजायचे आणि त्याच गेजच्या तारेने नव्याने भरायची.