बर्फाच्या पेटीआधीचे तास

नागपुरात मेंदूमृत रुग्णाचे अवयवदान झाले की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात ग्रीन कॉरिडॉरची बातमी ठरलेली. पोलिसांनी वर्धा रोड मोकळा केला, अँब्युलन्स इतक्या मिनिटांत सोनेगावच्या विमानतळावर पोहोचली. सीताबर्डी, धंतोली, रामदासपेठ या दवाखान्यांच्या पट्ट्यापासून विमानतळ आठेक किलोमीटर; एरवी व्हरायटी चौक ओलांडायलाच जेवढा वेळ जातो तेवढ्यात हा प्रवास उरकलेला असतो. कौतुक रास्तच आहे. हृदय शरीराबाहेर जेमतेम चार ते सहा तास टिकते, त्यामुळे ते परगावी न्यायचे असेल तर मिनिटामिनिटाला किंमत आहे. पण यकृताला बाराएक तास मिळतात आणि किडनी चोवीस तास, प्रसंगी त्याहूनही जास्त, थंडीत ठेवता येते. शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या किडनीची वीस मिनिटे वाचली, तर तिच्या भवितव्यात फारसा फरक पडत नाही. तिचे पुष्कळसे नुकसान सायरन वाजण्याआधीच, दात्याच्या आयसीयूत झालेले असते, आणि उरलेले रक्तवाहिन्या जोडल्यावर काही मिनिटांत होते. प्रत्यारोपणाच्या व्यवस्थेची परीक्षा रस्त्यावर न घेता या दोन जागी घ्यायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

ते पटण्यासाठी पेशी कशी मरते हे पाहावे लागेल. प्राणवायू तुटला की मायटोकॉन्ड्रियातील एटीपीची, म्हणजे पेशीच्या ऊर्जेची निर्मिती थांबते. पेशी प्राणवायूविना साखर मोडून गुजराण करते आणि लॅक्टिक आम्ल साचू लागते. सोडियम बाहेर टाकणारे पंप ऊर्जेअभावी बंद पडतात. सोडियम आत राहतो, त्याच्यामागे पाणी शिरते, पेशी फुगते, आतले कॅल्शियम वाढते. बर्फामुळे हा घसरणीचा वेग कमी होतो, घसरण थांबत नाही. चार अंश तापमानाला पेशीचा ऊर्जाखर्च सुमारे दहा टक्क्यांवर येतो खरा, पण पंपही गारठतात आणि फुगणे चालूच राहते. म्हणूनच बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात बनवलेल्या द्रावणात पेशीत सहजी न शिरणारे मोठे रेणू घातले. पाणी बाहेरच धरून ठेवणे हे त्यांचे काम. मोठा घाव मात्र रक्त परत आल्यावर बसतो. रक्ताविना राहिलेल्या ऊतींत सक्सिनेट नावाचा पदार्थ साठतो आणि प्राणवायू परतताच तो झपाट्याने जळून मायटोकॉन्ड्रियातून घातक ऑक्सिजन-कणांचा लोंढा सुटतो, हे २०१४ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. ज्या रक्ताची वाट पाहिली तेच काही काळ विषासारखे वागते.

पेशी मरताना तिच्या मरणाची तऱ्हाही महत्त्वाची ठरते. केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये वर्णन केलेल्या अपोप्टोसिसमध्ये पेशी आतल्या आत आवरते, तिचे तुकडे शेजारच्या पेशी गिळतात आणि गाजावाजा होत नाही. नेक्रोसिसमध्ये ती फुटते. अलीकडे लक्षात आलेल्या नेक्रॉप्टोसिस आणि लोहावर अवलंबून असलेल्या फेरॉप्टोसिसमध्येही आवरण फाटतेच. एरवी आत राहणारे रेणू मग बाहेर सांडतात आणि प्रतिकारशक्ती ते धोक्याची खूण म्हणून वाचते. पॉली मॅट्झिंगर यांनी १९९४ मध्ये मांडलेला विचार असा की, प्रतिकारशक्ती जागी होते ती केवळ परके दिसल्यामुळे नव्हे, तर इजा दिसल्यामुळे. त्याच वर्षी जर्मनीत वॉल्टर लँड यांच्या गटाने किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना रक्त सुरू करण्याच्या क्षणी ऑक्सिजन-कण निष्प्रभ करणारे विकर दिले, तेव्हा तीव्र नकाराचे प्रसंग कमी झाले. म्हणजे नाकारणे आणि जखम ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. जखम नकाराला आमंत्रण देते.

यावर पहिला आक्षेप जुळणीचा येईल. रक्तगट, ऊतिगट आणि क्रॉसमॅच यांवरच सारे अवलंबून नाही का? रक्तगट आणि क्रॉसमॅच यांना पर्याय नाही. रुग्णाच्या रक्तात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच असतील तर पेशीची कितीही निगा राखून उपयोग नाही. पण ऊतिगटाच्या बाबतीत टेरासाकी यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेले अमेरिकी आकडे बोलके आहेत. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेल्या किडन्यांपैकी ८५ टक्के तीन वर्षांनंतर चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के, मृत दात्यांच्या ७० टक्के. नवराबायकोत रक्ताचे नाते नसते आणि त्यांची जुळणी बहुधा वाईटच होती. तरी त्या टिकल्या, कारण निरोगी माणसाच्या शरीरातून निघून त्या लगेच दुसऱ्यात गेल्या. ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हे, हे मान्य. पण पंधरा टक्क्यांचा फरक जुळणीने समजावता येत नाही.

मृत दात्याच्या बाबतीत इजा मेंदूमृत्यूपासूनच सुरू होते. मेंदू जाताना ॲड्रेनालिनचा प्रचंड लोट येतो, रक्तदाब उसळतो आणि मग कोसळतो. मूत्राचे प्रमाण आटोक्यात ठेवणारे संप्रेरक थांबते आणि लिटरच्या लिटर लघवी होऊन शरीर कोरडे पडते. आपल्या १९९४च्या कायद्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायची असते. ते अंतर घटवायची मागणी कोणी करू नये. पण त्या सहा तासांत आणि पुढच्या संमतीच्या, धावपळीच्या तासांत रक्तदाब, द्रव आणि संप्रेरके कोणी सांभाळली, यावर किडनीतील नलिकांच्या पेशी जगणार की फुटणार हे ठरते. हे महागही नाही. युरोपातील २००९च्या एका चाचणीत मेंदूमृत दात्यांना कमी मात्रेत डोपामिन दिले, तेव्हा प्रत्यारोपणानंतर वारंवार डायलिसिस लागणाऱ्यांचे प्रमाण ३५ वरून २५ टक्क्यांवर आले. अमेरिकेत २०१५ मध्ये दात्याचे तापमान ३४-३५ अंशांवर ठेवल्याने पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागण्याचे प्रमाण ३९ वरून २८ टक्क्यांवर उतरले. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणाऱ्या गावाला यात गंमत वाटेल, पण आयसीयूत दोन अंश गारवा अशक्य नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: मरणाऱ्या माणसाची निगा दुसऱ्यासाठी राखायची का? मेंदूमृत्यू प्रमाणित होण्यापूर्वी उपचार केवळ त्या रुग्णासाठीच असले पाहिजेत, यात तडजोड नाही. म्हणूनच प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळात प्रत्यारोपण करणारे डॉक्टर नसतात. सुदैवाने चांगल्या आयसीयूत रक्तदाब सांभाळणे दोघांच्याही हिताचे असते. तापमान उतरवणे, डोपामिन देणे हे संमतीनंतरचे प्रश्न, आणि ते नातेवाइकांना सांगूनच व्हावेत.

भारतात बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्यांची असतात, मग हा खटाटोप कशाला, असेही कोणी म्हणेल. मृत दात्यांचे प्रमाण इथे दहा लाख लोकांमागे एकही नाही, हे खरे. पण म्हणूनच मिळालेली प्रत्येक किडनी अधिक मोलाची. द्रव सतत फिरवत किडनी ठेवणाऱ्या पंपयंत्राने २००९च्या युरोपीय चाचणीत ती उशिरा कामाला लागण्याचे प्रमाण २६.५ वरून २०.८ टक्क्यांवर आणले. २०२३ मध्ये अमेरिकेत गारवा आणि यंत्र यांची थेट तुलना झाली: नुसत्या गारव्याने ३० टक्के, यंत्राने १९ टक्के, दोन्हींनी २२ टक्के. गारवा हरला. मात्र त्या चाचणीत दोन्हीही नसलेला गट नव्हता, त्यामुळे यंत्र नसलेल्या गावासाठी गारवा निरुपयोगी ठरला असे त्यातून निघत नाही. यंत्र महाग आहे, प्रत्येक रुग्णालयाने घेणे परवडणार नाही. अवयव वाटपाचे काम विदर्भासाठी नागपूरची झेडटीसीसी पाहते. यंत्र तिच्याकडे सामायिक असू शकते. त्याआधी, एक रुपयाही न खर्चता, प्रत्येक किडनीबरोबर तीन नोंदी लिहिता येतील: दात्याचा रक्तदाब किती तास कोसळलेला होता, किडनी थंडीत किती तास राहिली, आणि पहिल्या आठवड्यात रुग्णाला डायलिसिस लागले का.